हळदीचं बोट

अकरावीला मी फॅशन डिझाइन घेतलं तेव्हा केजमधल्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी आईला विचारलं, शिवणकामच शिकवायचं तर घरी काय कमी होतं? आई घरी ब्लाउज शिवायची. मी मात्र कॉलेजात धाग्यांचे प्रकार, विणी, रंगांच्या जोड्या असलं काय काय शिकत होते आणि घरी येऊन तिला ऐकवत होते. कागदावर पॅटर्न काढल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये, हे तर मी तिला येताजाता सांगायचे. ती हूं म्हणायची आणि मशीनवर पाय मारत राहायची.

आईची एक रीत होती. गिऱ्हाइकाचा ब्लाउज असो की माझा फ्रॉक, शिवून झाला की अंगावर चढायच्या आधी ती आतल्या शिलाईजवळ हळदीचं बोट लावायची. अकरावीतली माझी पहिली कुर्ती मी घरी आणली तेव्हाही ती बोट बुडवून आलीच. मी कुर्ती पाठीमागे लपवली. डाग दिसला की मार्क जातात, माझ्या कामाला यापुढं बोट लावायचं नाही, असं फटकन सांगितलं. तिनं बोट पदराला पुसलं.

बारावीच्या दिवाळीनंतर मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मीच वर्गातल्या मैत्रिणीला घरी घेऊन आले. तिचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, ती जवळच्या गावात मामाकडे, आणि मामाकडे मशीन नाही. आठवड्याभरात ती आईच्या शेजारी पाटावर बसायला लागली. बाही कशी बसवायची ते आई तिला दाखवायची, मधेच तिच्या वेणीचा सुटलेला पेड नीट करायची. मला कधी असं दाखवलं नव्हतं. मीच दाखवू दिलं नव्हतं, हे खरं, पण म्हणून काय झालं? पोटची पोर मी होते. आई न विचारता तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

प्रॅक्टिकलला पांढऱ्या सुती कापडाची कुर्ती शिवायची आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंसमोर घालून दाखवायची होती. आदल्या संध्याकाळी आमच्या दोघींच्या कुर्त्या इस्त्री करून खाटेवर ठेवल्या होत्या. मैत्रीण आईला म्हणाली, "काकू, माझी माय तिकडं हाय. बोट तुमीच लावा."

मार्क जातील, असं मी तिला बजावलं.

"जाऊ दे की," ती म्हणाली.

आईनं हळदीची वाटी आणली, तिच्या कुर्तीचा घेर उलटला आणि आतून बोट टेकवलं. मग तेच बोट तिच्या कपाळाला लावलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. माझी कुर्ती तिनं कोपरानं हळूच बाजूला सरकवली, हळद लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाईंनी मैत्रिणीचा घेर उलटून पाहिला, नाक मुरडलं आणि सफाईचे मार्क कापले. मला सफाईत पुरे मार्क, वर शाबासकी. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. जीपस्टँडवर पोचेपर्यंत ती खुशी टिकली. तिथं मैत्रीण जीपमध्ये खिडकीशी बसली आणि अंगातल्या कुर्तीचा घेर उलटून त्या पिवळ्या डागावरून अंगठा फिरवत राहिली. मार्क गेल्याचं तिला काही वाटतच नव्हतं.

घरी येऊन मी कुर्ती बदलली आणि आईपुढं टाकली. सफाईला पुरे मार्क मिळाल्याचं सांगितलं. तिनं शिलाई नीट निरखली, चांगली झालीय म्हणाली.

"आता लाव की बोट," मी म्हणाले.

"आता कावून?" तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "अंगाला लागली की ती. नव्यालाच लावत्यात."

तिनं घडी घालून कुर्ती माझ्या हातात दिली आणि ती मशीनवर बसली. ती कुर्ती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर कुठंही डाग नाही.