दाजींचे ओरडणारे ब्रेक

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस भालकी तालुक्याने पाहिला नाही, आणि अशा माणसाने पोटासाठी धंदा निवडला तो ट्रकचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. विंचवाला भिणारे लोक असतात, सावकाराला भिणारे असतात, बायकोला भिणारे तर घरोघरी असतात. दाजी उताराला भीत. ओढ्याकडे जाणारा साधा उतार आला तरी ते माथ्यावर गाडी उभी करत, चाकाखाली दगड लावत, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालत आणि मग देवाचे नाव घेऊन पहिल्या गिअरात इतक्या हळू उतरत की बाजूने बैलगाड्या पुढे निघून जात. एकदा शेजारी बसलेल्या तुरीच्या व्यापाऱ्याने वैतागून विचारले, "एवढं भ्या वाटतंय तर गाडी कामून घेतलाव?" दाजी म्हणाले, "भ्या वाटतंय म्हणूनच सोताची घेतलो. दुसऱ्याच्या गाडीत बसायला त्याहून भ्या वाटतंय." व्यापारी पुढच्या खेपेला एसटीने गेला.

या सगळ्या भीतीचे घर ब्रेकमध्ये होते. ब्रेक दाबला की चाकाच्या लोखंडी ड्रमला आतून लायनर घासते आणि गाडी थांबते, एवढे बहुतेक ड्रायव्हरांना पुरते. दाजींना पुरत नसे. लायनर किती घासले, कुठे घासले, घासताना त्याच्या मनात काय होते, हे सगळे त्यांना हवे असे. गाडी चालवताना त्यांची मान कायम उजवीकडे कललेली असायची, कारण एक कान खिडकीबाहेर मागच्या चाकांवर. अक्का जेवायला वाढताना काही सांगू लागली की तेवढ्यात रस्त्यावरून दुसऱ्या कुणाचा ट्रक जाई, आणि दाजींचा घास हातातच राही. "ह्याचं डावं मागचं गेलंय," असे म्हणून ते त्या अनोळखी ड्रायव्हरसाठी हळहळत. अक्काचे सांगणे तिथेच राही.

बीदरला लायनर घ्यायला गेले म्हणजे तर बघायलाच नको. मऊ लायनर गुमान थांबवते पण लवकर झिजते; टणक लायनर टिकते पण ओरडते आणि ड्रमला रेघा पाडते. एवढ्या एका प्रश्नावर दाजी दुकानात दुपार काढत. लायनरवर नख ओढून बघत, वास घेत, दोन तुकडे उजेडात शेजारी धरून सख्खे आहेत की सावत्र ते ताडत. ड्रम तर ते कुंभाराकडची घागर पारखावी तसा बोटाच्या पेराने वाजवून, डोळे मिटून ऐकत. एकदा दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "मियाँ, लायनर लेनेकू आये क्या दामाद ढूंडनेकू?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "दामाद बुरा निकला तो आदमी मरता नहीं, शेठ." आणि नवे लायनर बसवल्यावरही जुने टाकायचे नाहीत. ज्या लोखंडी पट्टीवर ते बसते तिच्यासकट फडक्यात बांधून सीटखाली ठेवायचे. म्हातारे माणूस कधी कामाला येईल सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही पसंत नव्हते. अप्पा खटकचिंचोळीचे, उभा जन्म बैलगाडीवर काढलेले. बैल उधळले तरी कासरा न सोडणारा माणूस. जावई ट्रकवाला मिळाला म्हणून आधी ते गावभर मिशीला पीळ देत फिरले आणि जावयाची गाडी पहिल्यांदा गावात उतरताना पाहिली तेव्हा घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगी वाघाला दिलो म्हणलो, निघाला ससा." दाजींसमोर ते फारसे बोलत नसत. दाजी आले की अप्पांना नेमके शेतात काम निघे. दाजींना हे कळत होते. ते अक्काला काही म्हणत नसत, पण आमच्या दारात गाडी लावताना त्यांच्या कपाळावर उतारावरच्यापेक्षा जास्त घाम असायचा, हे मी पाहिले आहे.

पुढे माझे लग्न ठरले, औराद तालुक्यातल्या चिंताकीच्या मुलीशी. वऱ्हाड दाजींच्या ट्रकमधून न्यायचे हे ओघानेच आले. माणसे भरून न्यायची म्हटल्यावर दाजींची झोप गेली. त्यांनी मागच्या दोन्ही चाकांची लायनर बदलली आणि फार विचार करून टणक घेतली. ती जी ओरडू लागली, ती अशी की गाडी वेशीत वळताना पाळण्यातली पोरे दचकून उठत. दाजींनी चाके खोलली, लायनरच्या कडा काचकागदाने घासल्या, ड्रम पुसले, पुन्हा बसवले. आवाज तसाच. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी आमच्या दारात आली तेव्हा मांडवात बसलेले सगळे पाहुणे कानावर हात ठेवून हसले. अप्पा मात्र हसले नाहीत. जावयाचे हसे म्हणजे आपले हसे. "चाक ओरडायलं म्हंजी त्याला वंगण पायजे," ते म्हणाले. "ह्यात बीदरला जाऊन इचारायचं काय हाय?" मांडवातल्या प्रत्येकाने मान डोलावली. सगळेच गाडीवान, कुरकुरणाऱ्या आसाला तेल पाजायचे हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेले. दाजी तेवढे तिथे नव्हते. ते मागे विहिरीवर हातपाय धूत होते.

सकाळी वऱ्हाड निघाले. मागे बायका, माणसे, वाजंत्री, आहेराची भांडी. पुढे दाजींच्या शेजारी मुंडावळ्या बांधून मी. भालकी सोडली आणि रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. दाजींनी ब्रेक दाबला. आवाज आला नाही. मागून कुणीतरी ओरडले, "नवरदेवाचा पायगुण बघा." सगळे हसले. मी हसत दाजींकडे पाहिले तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला.

"मेव्हणं, आवाज कामून न्हाई?"

"बरं झालं की दाजी."

"काय बरं झालं? काल सांजच्यापर्यंत बोंबलत हुतं. लेकरू खेळता खेळता गुमान झालं तर माय उठून बघती का न्हाई?"

त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण जरा उशिरा. मला तो उशीर कळलाही नाही. मांजरा नदीच्या पुलाआधी उताराच्या माथ्यावर दाजींनी हँडब्रेक ओढला, चारी चाकांना दगड लावले आणि सगळ्यांना खाली उतरा म्हणून सांगितले. मुहूर्त दुपारचा. ऊन चढलेले. माझे मामा खवळले. "आवाज हुता तवा बी रडायलाव, न्हाई तवा बी रडायलाव. तुमाला पायजे तरी काय?" कुणी म्हणाले चिंताकीकडचे लोक काय म्हणतील, कुणी म्हणाले ह्यांना गाडी कोण दिली. दाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्या माणसाला मी आयुष्यात कुणाला उलट बोलताना ऐकले नव्हते. ते हात जोडून म्हणाले, "शिव्या द्या, पर खाली उतरा. माझी अक्कल न्हाई, माझं भ्या म्हणायलंय."

लोक कुरकुरत पायी उतार उतरू लागले. मी आणि अप्पा थांबलो. दाजींनी जॅक लावला, चाक काढले, ड्रम ओढून काढला. लायनर ओलेचिंब होते. दाजींनी बोट फिरवले, नाकाशी नेले. करडईचे तेल. आमच्याच घाण्याचे, वास मलाही ओळखू आला. भरल्या गाडीने त्या उतारावर मागची चाके काहीच धरणार नव्हती, आणि खाली पूल होता. दुसरे चाक खोलायची गरज नव्हती, तरी दाजींनी खोलले. तिथेही तेच.

अप्पा उन्हात उभे होते. त्यांनी धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरला होता आणि मुठीतून तेलाचा डाग दिसत होता. दाजींनी तो पाहिला. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या रडक्या आवाजात म्हणाले, "आसाचं सील गळायलंय, मेव्हणं, तेल तितनंच आलंय. गाडी जुनी झाली बघा." आणि ड्रम पुसून सीटखालचे फडके सोडून जुने लायनर काढून बसवू लागले. अप्पा पुढे झाले. गुडघ्यावर बसून पाने उचलून देत राहिले.

मुहूर्त टळला. भटजींनी दिवेलागणीचा दुसरा काढला. सासुरवाडीचे चार शब्द ऐकून घ्यावे लागले, आणि ते सगळे दाजींनी एकट्याने खाल्ले.

त्यानंतर दाजी यायचे म्हटले की अप्पा शेतात जाईनात. दाजी परत निघाले की अप्पा वेशीपर्यंत चालत जात आणि गाडी वळणावर ओरडली की मगच माघारी फिरत. ते टणक लायनर दाजींनी पुन्हा घेतले होते. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी बीदरला ड्रम लेथवर घासून घेतले, मऊ लायनर टाकले आणि आवाज एकदाचा गेला. तोवर अप्पांनी अंथरूण धरले होते. दाजी आले, बसले, गेले. अप्पा संध्याकाळभर विचारत राहिले, "पावणं पोचले का? आवाज न्हाई आला." कितीही समजावले तरी त्यांना पटेना.

अक्काने हे दाजींना सांगितले असावे. पुढच्या आठवड्यात वेशीपाशी गाडी अशी किंचाळली की मी भिंतीला टेकलो होतो तो सरळ बसलो. दाजी बीदरच्या दुकानात जाऊन म्हणाले होते, "शेठ, सबसे जादा चिल्लानेवाला दो." चांगले लायनर काढून ते बसवले होते. आयुष्यभर ज्या आवाजाने त्यांची झोप उडवली, तो त्यांनी विकत आणला होता. अप्पांनी त्यांचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, त्या दिशी तेल..." दाजी घाईने म्हणाले, "सील हुतं, मामा. सील गळत हुतं." अप्पा हसले, मला वाटते दाजींकडे बघून पहिल्यांदाच.

अप्पा गेल्यावर मी दाजींना विचारले, आता तरी बदलणार का? ते म्हणाले, "असू द्या. मऊ टाकलं तर वेशीत कुणी थांबलं असंल त्याला गाडी वळल्याली कळत न्हाई." त्यांनी ते शेवटपर्यंत बदलले नाहीत. ट्रक विकला तोही तसाच ओरडत गेला, आणि दाजी वेशीत उभे राहून तो वळेपर्यंत ऐकत राहिले. मी त्यांच्याशेजारी उभा होतो. घरी चला म्हणायचे माझ्याने झाले नाही.