अनुभवाची अट नाही

बुधवार पेठेतल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक सर इंग्रजी बोलायचे क्लास घ्यायचे. आयटीतली कितीतरी मुलं त्यांच्याकडे शिकून परदेशी गेली. जिना चढताना ते रोज माझी खुशाली इंग्रजीत विचारायचे. मी मराठीत उत्तर दिलं की चुकचुकायचे. त्यांचा रुमाल आणि उच्चार, दोन्ही कायम कडक इस्त्रीचे.

एकदा त्यांनी युरोपातल्या एका शाळेची जाहिरात मला वाचून दाखवली. इंग्रजीचे शिक्षक हवेत, नवशिके चालतील, अनुभवाची अट नाही. सरांना वीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी जाड स्वेटरही घेऊन ठेवला. फोनवरची मुलाखत उत्तम झाली, मग शाळेने फोटो मागवला. तो पाहून कळवलं की आमच्या पालकांना गोरा शिक्षक लागतो.

मी हळहळलो. सर शांतपणे रुमालाची घडी घालत राहिले.

महिन्याभरात क्लासच्या पाटीवर एका गोऱ्या तरुणाचा फोटो झळकला. कोरेगाव पार्कात ध्यान शिकायला आलेला इटालियन, इंग्रजी जेमतेम माझ्याइतकं. सर त्याच्याकडून जिन्यातच धडा घोकवून घ्यायचे आणि तास सुरू झाला की मागे बसून हजेरी मांडायचे. वर्गात जागा पुरेना.

न राहवून मी म्हणालो, "सर, तुम्हीसुद्धा?"

पहिल्यांदाच ते माझ्याशी मराठीत बोलले. "अहो, इतकी वर्षं मी तुमच्या डोक्यावर शिकवतोय. तुमच्या मुलीचं नाव क्लासात कधी घातलंत? ह्याचा फोटो लागल्यावर."