मायच्या गुडघ्यावरचं पान

माझी माय पारोळ्याहून देवपूरला माझ्याकडे आली, तेव्हा तिचा गुडघा दुखत होता. मी मेन्थॉलचं मलम भरपूर चोळलं आणि वर तव्यावर गरम केलेलं एरंडाचं पान फडक्याने घट्ट बांधलं. आमच्याकडे दुखऱ्या सांध्याला तेल चोळून असंच पान बांधतात. मलमावरही ते चालेल, असं मी धरून चालले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "झोंबस."

मी वैतागून म्हणाले, "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

ती पांघरूण ओढून निजली. सकाळी फडकं सोडलं, तर गुडघ्यावर फोड आले होते.

डॉक्टर म्हणाले, हे मलम पातळ लावून उघडं ठेवायचं, वर शेक नाही, पट्टी नाही, आग झाली की लगेच धुवायचं. ट्यूबवरही तेच लिहिलं होतं. मला वाचायला काय धाड भरली होती?

फोड पूर्ण बरे झाल्यावर आता मी थोडंसंच लावते आणि दर वेळी विचारते, "झोंबतंय का?"

माय आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग म्हणते, "नही, बरं शे."

खरंच झोंबत नाही, की मला सांगणंच तिने सोडलंय, ते मला कळत नाही.