कानावरचा पेन

सर शिकवता शिकवता खडू स्वतःच्या कानशिलाला टेकवायचे, मग तोच खडू पहिल्या बाकाकडे रोखायचे आणि म्हणायचे, "हितून तिथं. मधी काई नको." हे इतक्यांदा व्हायचं की दुपारपर्यंत त्यांच्या कानशिलावर पांढरा ठिपका पडलेला असे. तुम्ही हिंगोलीत राहिला असाल आणि कानशिलाला खडू लागलेला एक उंच माणूस संध्याकाळी बाजारात मेथी निवडताना पाहिला असेल, तर ते आमचे फिजिक्सचे सर.

मी जवळच्याच साखरा गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकले, अकरावीला सायन्स घेतलं आणि पुस्तक उघडलं तर आतून बाहेरून इंग्रजी. जे मला चांगलं येत होतं तेच पुस्तकात ओळख देईना. जत्रेत भेटलेल्या सोयऱ्यानं तोंड फिरवून पुढं जावं, तसं.

सर स्वतः सातवीपर्यंत उर्दू शाळेत होते, मग मराठी शाळेत आले, मग कॉलेजात इंग्रजी. "मी तीनदा पहिलीत बसलोय बेटा," ते सांगायचे. "डोस्कं तेच. बाक दर बारीला नवा."

भाषेवर त्यांचा राग होता. कुठल्याही एका नाही, मध्ये उभ्या राहणाऱ्या प्रत्येक भाषेवर. आमच्याकडे हळदीचा बाजार, म्हणून त्यांनी दाखलाही तिथलाच काढला होता. "भाषा म्हंजी अडत्या. माल माझ्या डोक्यात भरलेला, तुमच्या डोक्यातलं गोदाम रिकामं. तरी अडत्याबिगर सौदा होऊन न्हाई राहिला."

"मग हाकला की सर त्याला," मागून कुणीतरी म्हणायचं.

"त्याचीच तर वाट पाहून राहिलो."

तोवर ते अडत्याला जमेल तेवढं उशिरा बोलवायचे. एसटीनं ब्रेक मारल्यावर आपण पुढं काहून जातो, हे ते टेबलाला धरून, स्वतः पुढं झुकून, मराठीत, दखनीत, हातवाऱ्यांत सांगायचे. ते आमच्या अंगात मुरलं की मगच फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचे. "आधी लेकरू जल्माला येऊ द्या, मग बारसं करू."

त्यांचा एक नियम मात्र मी दुसऱ्या कुठल्या वर्गात पाहिला नाही. 'कळलं नाही' हे म्हणायला आमची जीभ कुठल्याच भाषेत वळायची नाही. म्हणून सरांनी बोलणंच काढून टाकलं. कळलं तर पेन कानावर ठेवायचा, नाही कळलं तर हातात धरायचा. ते शिकवता शिकवता कान बघत फिरायचे आणि जिथं पेन हातात दिसेल तिथं थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. सगळा वर्ग सुतारांचा मेळावा वाटायचा. एकदा प्राचार्य दारात थांबून म्हणाले, "काय सर, फर्निचरचं काम काढलंय?"

एका पोराचा पेन वर्गात शिरल्यापासूनच कानावर असे. सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "हा पोटातूनच शिकून आला. याच्या आईची फी माफ करा."

माझा पेन बरेच दिवस हातातच राहिला. ज्या दिवशी तो पहिल्यांदा कानावर गेला, त्या दिवशी सर माझ्या बाकाशी थांबले. कानशिलाला खडू टेकवला आणि पुढच्या बाकाकडे गेले.

त्याच कॉलेजात बीएस्सीला असताना कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ आणला. हातपाय न हालणारा एक माणूस, डोक्यात बारीक तारा बसवलेल्या, आणि नुसत्या विचारानं तो कॉम्प्युटरवरचा बाण हलवत होता. सरांनी मोबाईल पुन्हा पुन्हा मागून घेतला. मग खुर्चीत बसले. ते वर्गात कधी बसत नसत.

"आज बाण हालला," ते म्हणाले. "उद्या इचार हालंल. जपानचा मास्तर जपानीत इचार करील आन् साखऱ्याच्या पोरीला साखऱ्याच्या बोलीत कळंल. कोणच्या लेकराला तीनदा पहिलीत बसावं लागणार न्हाई."

"मग सर, तुमचं काय काम राहील?" मी विचारलं.

"मी च्या पीन."

"आन् परीक्षेला बी तारच लावायची का?" मागचा आवाज.

"तुला लावून काई फायदा न्हाई. तारंत करंट पायजे."

सुट्टीला गावी गेल्यावर हे मी आईला सांगितलं. ती हसलीच नाही. म्हणाली, "समदं बराबर हाय. पर माझ्या डोक्यातलं तुझ्या मास्तरला कळाय लागलं तर?" सरांना हे सांगितलं, तर त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "आईला सांग, तारंला कडी ठिवू. आन् कडी आतून."

मी आता नरसीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातही पेन कानावर जातात.

मागच्या हिवाळ्यात सरांना लकवा मारला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं पार गेलं. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. दारातच चाचीनं, म्हणजे सरांच्या बायकोनं, माझा हात धरला. "डॉक्टर बोले, जबान गई. समझ कितनी बाकी है, धीरे धीरे मालूम पडेगा. लोक येतात, त्यांच्यासमोरच पुसतात, ओळखतात का म्हणून. मी काय सांगू?" मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "अंदर हैं ना बेटा ये?"

आत एक पाहुणा सरांच्या कानाशी ओरडत होता, "जेवन झालं का?" सर भिंतीकडे बघत होते. कानशील स्वच्छ होतं. ते तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणा गेला. मला काय बोलावं सुचेना, म्हणून शाळेचंच बोलू लागले. "सर, काल पोरांना सिद्धेश्वरच्या धरणाची भिंत शिकवली. वर बारीक अन् खाली जाड काहून? तर जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब जास्त."

सरांचा डावा हात हळूच उठला आणि माझ्या डोक्याकडे आला. चाची घाबरून पुढं झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, शाळेतून निघाल्यापासून पेन माझ्या कानावरच होता. मी तो त्यांच्या हातात दिला. एकदा मांडीवर पडला, एकदा खांद्यावरून घसरला. मग त्यांच्या डाव्या कानावर बसला.

चाचीनं पदर तोंडाला लावला. मला खरं वाटेना. इतक्या वर्षांची सवय, हात आपला आपण चालला असेल. पण आनंदाच्या भरात मी बोलतच सुटले, "आन् सर, धरण मागं जितकं लांबपर्यंत भरलेलं, तितका भिंतीवर दाब वाढत जातो."

सरांनी पेन कानावरून काढला आणि हातात धरला.

मी थांबले. तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. पेन हातातच. सर माझ्याकडे बघत होते, अकरावीत बघायचे तसे, घाई नसलेले. मग मलाच माझं चुकलेलं दिसलं. "न्हाई सर. मागं पाणी किती लांब हाय त्याचा संबंध न्हाई. खोली. फक्त खोली."

पेन कानावर गेला.

"आहेत चाची," मी म्हणाले. "सगळेच्या सगळे आहेत. माझी चूक काढली त्यांनी."

चाची खाली बसली आणि हसू लागली, आणि बराच वेळ हसत राहिली.

त्या दिवसापासून घर पेनावर चाललं. चहा हवा का, खिडकी लावू का, पाहुण्याला घालवू का. शेवटच्या प्रश्नाला पेन फार चटकन कानावर जाई. सरांच्या मुलानं पुण्याहून येऊन विचारलं, "अब्बा, हमारे घर चलते? इलाज अच्छा होगा." पेन हातात. "ठीक होने के बाद वापस लाके छोडता." पेन कानावर.

सर पुण्याला निघायच्या दिवशी मी गेले होते. बोलणं गेलेल्यांच्या मनातले शब्द तारेतून बाहेर काढायचे प्रयोग आता कुठं कुठं चालू आहेत, असं वाचलं होतं, ते गाडीच्या खिडकीतून त्यांना सांगितलं. ती तार लवकर यावी असं मला मनापासून वाटतं. सरांसाठी वाटतं, आणि इंग्रजी पुस्तक उघडून गप्प बसणाऱ्या प्रत्येक पोरीसाठी वाटतं.

सरांनी ऐकून घेतलं. गाडी सुरू झाली तेव्हा डाव्या हाताचं बोट त्यांनी कानशिलाला टेकवलं, मग खिडकीतून माझ्याकडे रोखलं.

मी कानाला हात लावून दाखवला. पेन तिथंच होता.