पडद्याशेजारचे अण्णा

समोरच्याचे ओठ हलले की त्याचं वाक्य अण्णा स्वतःच बोलून टाकत. मुकुंदवाडीत ते आमचे शेजारी होते. आई साखर मागायला त्यांच्या दारात गेली, की हुबेहूब तिच्याच आवाजात म्हणत, "अण्णा, वाटीभर साखर द्या की." आईला फक्त हसायचं काम उरे.

ही सवय जुन्या नोकरीची. मुक्या सिनेमाच्या काळात तंबूत पडद्याशेजारी उभं राहून ते चित्रातल्या माणसांचं बोलणं लोकांना सांगत. राजाचं, राणीचं, रडणाऱ्या पोराचंसुद्धा. निम्मं मराठीत, निम्मं दखनीत, कारण पडद्यावरची अक्षरं वाचू शकणारे थोडेच. तेव्हा त्यांचं वय किती होतं ते मला नक्की माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. मिसरूड फुटत होतं, एवढं ते सांगत.

मग बोलपट आला. मालकाने त्यांना दारावर तिकिटं फाडायला बसवलं. पहिल्याच खेळाला राहवेना म्हणून अण्णा आत गेले, नेहमीच्या जागी उभे राहिले आणि राणीच्या आधी राणीचं वाक्य बोलले. पब्लिकमधून कुणी म्हणालं, "चुप बैठो मियाँ, परदा खुद बोल रहा." अण्णा हे हसत सांगत.

मी कॉलेजात असताना त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचेल, आवाज जाईल. अण्णांनी नकार दिला. "एकदा गप केलं मला. आता पुन्हा नाय."

पिशोरला दिलेली त्यांची एकुलती मुलगी सुमनताई धावत आली. बाजेशी बसली. तिला शब्द सापडेनात, आणि अण्णांनीही ते पुरवले नाहीत. शेवटी तीच म्हणाली, "बोलू नका अण्णा, पण ऱ्हावा."

ऑपरेशन झालं. अण्णा आणखी काही वर्षं जगले. सुमनताई दर महिन्याला येई आणि शेतातलं, गोठ्यातलं, सासूशी झालेल्या कुरबुरींचं सगळं सांगत बसे. सासूची नक्कल तर अशी करी की भिंतीपलीकडे आम्हाला हसू आवरत नसे. ती थांबली की अण्णा बाजेवर थाप मारत. पुढं सांग.

अण्णांच्या तेराव्यानंतर ती आईचा निरोप घ्यायला आली. पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"काकू, लहानपणी त्या घरात माझंबी अण्णाच बोलायचे," ती म्हणाली. "आत्ता कुठं ऐकाया लागले होते."