टर्बो बटण आणि सामंतांचा गणपती

"काका, गेम फार हळू चालतोय. नुसती बैलगाडी झालीय."

ही तक्रार सकाळी आली. तक्रारदार मेधा. त्याच दिवशी संध्याकाळी तिचा थोरला भाऊ नितीन त्याच मशीनसमोर, त्याच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काका, लोच्या आहे. गेम भयंकर फास्ट पळतोय. वळण दिसायच्या आत गाडी ठोकली जातेय."

मशीन एक, गेम एक, आणि तक्रारी परस्परविरुद्ध. मी दोघांनाही एकच उत्तर दिले : "तक्रार लेखी द्या." दोघांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर दिली. मेधाने कासवाचे चित्र पाठवले, नितीनने रॉकेटचे. ज्या देशात तक्रारीला तारीख, विषय आणि सही उरलेली नाही, त्या देशात न्याय कसा होणार, असे मी दोघांनाही सविस्तर लिहून कळवले. मेधाने अंगठा पाठवला.

माझी ओळख करून देतो. मी हार्डवेअर सर्व्हिस इंजिनीयर होतो. बँका आणि विमा कचेऱ्या यांच्या संगणकांची देखभाल करणे, हे माझे आयुष्यभराचे काम. निवृत्तीनंतर गिरगावातल्या घरी जुनी मशीन दुरुस्त करतो. हल्ली जुने गेम जुन्याच संगणकावर खेळण्याची हौस वाढली आहे आणि असे संगणक जुळवून देणारे फार उरलेले नाहीत. मी प्रत्येक कामाआधी अटी लिहून घेतो. लोक हसतात. हसू देत.

मेधा आणि नितीनच्या घरचे, म्हणजे सामंतांचे प्रकरण मात्र हौसेचे नव्हते. आमच्या शेजारच्या वाडीतली त्यांची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. आई नितीनकडे दादरला जाणार, हे ठरले होते. ठरत नव्हते ते एवढेच, की घरचा गणपती यापुढे कुठे बसणार. नितीनचे म्हणणे, मी मुलगा, गणपती माझ्याकडे. मेधा परळला राहते, तिथेच तिचे फिजिओथेरपीचे क्लिनिक आहे. तिचे म्हणणे, बाबा गेल्यापासून मूर्ती मी सांगते, नैवेद्य मी करते, मखर मी लावते, मग गणपती तुझा कसा? वारसा कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. परंतु गणपतीचा पाट कोणाच्या हॉलमध्ये मांडावा, याबाबत तो कायदा संपूर्ण मौन पाळतो. ही उणीव मी संबंधित मंत्रालयाला लिहून कळवली आहे. उत्तर नाही.

शेवटी त्यांच्या आईच वैतागल्या. "लहानपणी भांडणं मिटवायचात ना त्या गाडीच्या गेमवर? हरेल त्यानं दूध आणायचं. तसंच मिटवा आणि मला जेवू द्या."

त्या हे रागाने बोलल्या होत्या. दोघांनी ते मान्य केले.

म्हणून दोघे माझ्याकडे आले. नितीन विमा कंपनीत अधिकारी आहे, त्यामुळे अटी लिहून घेण्याचे महत्त्व त्याला निदान ऐकून माहीत होते.

"काका, हे सगळं लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून होतं म्हणे," तो म्हणाला.

"हो, आणि तू रात्री सेटिंग बदलून ठेवशील," मेधा म्हणाली.

"मी? चीटिंग तू करायचीस. स्लो करून खेळायचीस."

"मी चौथीत होते, दादा! आणि स्लोवर तूच बसवायचास मला. म्हणायचास, तुला फास्ट जमणार नाही."

हा वाद समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. त्या काळच्या गेममधली गाडी घड्याळाकडे पाहून धावत नसे. संगणक जितका वेगवान, तितकी गाडी वेगवान. आजच्या संगणकावर तो गेम तसाच लावला तर शर्यत सुरू होण्याआधीच संपते. म्हणून त्या काळी संगणकाच्या पेटीच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, पुढच्या बाजूला 'टर्बो' नावाचे बटण असे. आत दाबले की पूर्ण वेग, बाहेर काढले की निम्मा. शेजारी छोटा हिरवा डिस्प्ले असे. सामंतांच्या मशीनवर बटण आत असताना ६६ आणि बाहेर असताना ३३ दिसे. नितीन कायम ६६ वर खेळला, मेधा कायम ३३ वर. मेधाचा स्कोअर त्याच्यापेक्षा मोठा होता. परंतु तो ३३ वरचा असल्याने नितीनने तो आजतागायत ग्राह्य धरलेला नाही. घरातल्या प्रत्येक समारंभात, मेधाच्या लग्नातसुद्धा, हा विषय निघाला होता.

लॅपटॉपचा प्रस्ताव मी फेटाळला. पुराव्याच्या कायद्यात मूळ दस्तऐवजाला जे स्थान आहे, ते नकलेला नाही. मग नितीननेच एक अट घातली. "या वेळी सवलत नाही. दोघांनीही फुल स्पीडवर खेळायचं." मेधा कधी बटण आत दाबून खेळलीच नव्हती. तरी ती म्हणाली, "लिहा, काका." तिचा आवाज जरा बारीक झाला होता. मी लिहिले. दोघांनी सह्या केल्या.

जुना संगणक त्यांच्या माळ्यावर होता. वडील घरी लोकांचे हिशेब करत, त्यासाठी घेतलेला. कॅबिनेटवर सोनेरी स्टिकर होता : 'क्यूसी पास्ड'. म्हणजे, तपासले, निर्दोष आहे. आत मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, मेलेला होता. त्या बोर्डांवर एक लहान बॅटरी असे. काही वर्षांनी ती पाझरते आणि तांब्याला हिरवा गंज चढवते. गंज वायरींच्या प्लगपर्यंत पोचला होता.

मी लॅमिंग्टन रोडवरून तशाच जातीचा बोर्ड आणला. विक्रेत्याने 'टेस्टेड ओके' म्हणून दिला. तो चालू झाला नाही. मी त्याला ग्राहक संरक्षण कायद्याचा हवाला देऊन दोन पानी पत्र नेऊन दिले आणि पोच मागितली.

"अंकल, ये माल मेरी शादी से पुराना है," तो म्हणाला. "इसपे नोटिस कौन देता है?"

"मैं देता हूँ. सही कीजिए."

त्याने सही केली, बोर्ड बदलून दिला आणि माझे पत्र काउंटरच्या काचेखाली ठेवले. गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो, असे कळले. कायद्याचा प्रसार होत असेल तर माझी हरकत नाही.

हार्ड डिस्कच्या जागी मी कॅमेऱ्यात घालायचे मेमरी कार्ड अ‍ॅडॉप्टर लावून बसवले. आवाज नाही, बिघाड नाही. गेमच्या जुन्या फ्लॉप्यांवर मुंबईच्या दमट हवेने बुरशी आली होती. शिवाय त्यांतला गेम नितीनने शाळेतल्या मित्राकडून उतरवून घेतला होता. अशी प्रत माझ्या टेबलावर चालणार नाही, असे मी बजावले. सुदैवाने बनवणाऱ्यांनी तो गेम आता अधिकृतरीत्या फुकट खुला केला आहे. मी तो घेतला. टर्बोचे बटण जोडले, वेग मोजण्याचा प्रोग्रॅम लावून तपासले. आत दाबले की पूर्ण, बाहेर काढले की निम्मा. काम चोख झाले होते.

आणि मग त्या दोन तक्रारी आल्या. मी दोघांना सरावासाठी वेगवेगळे बोलावले होते. मेधाने आधी हात बसावा म्हणून बटण बाहेर काढून जुना, सवयीचा ३३ लावला. तिला बैलगाडी वाटली. नितीनने थेट ६६ लावला. त्याला रॉकेट वाटले.

रात्रभर मी संतापलेलो होतो. माझ्या कामात दोष आहे, असे म्हणण्याची हिंमत बँकांच्या मॅनेजरांनाही झाली नव्हती. सकाळी शांत डोक्याने विचार केला. माणसाची आठवण चुकू शकते. परंतु दोन माणसांच्या आठवणी एकाच वेळी, इतक्या नेमक्या उलट दिशांनी चुकतील? दोघेही खरे बोलत असतील, तर त्या काळी ३३ वर वेग जास्त आणि ६६ वर कमी असायला हवा होता.

मी कॅबिनेट उघडले आणि टर्बोच्या बटणातून येणारी वायर पाहिली. तिच्या टोकाच्या प्लगला ओळीने तीन भोके होती. बोर्डावर मात्र पिना दोनच. प्लग एका बाजूला सरकवून बसवला तर मधले आणि उजवे भोक वापरले जाते, दुसऱ्या बाजूला बसवला तर मधले आणि डावे. दोन्ही प्रकारे बसतो. फरक इतकाच, की एका प्रकारे बटण दाबल्यावर वेग वाढतो आणि दुसऱ्या प्रकारे दाबल्यावर कमी होतो. मी योग्य बाजूला, मधल्या आणि उजव्या भोकात बसवला होता. मी प्लग काढून भिंगाखाली धरला. मधल्या भोकात जुना हिरवा गंज. डाव्या भोकात हिरवा गंज. उजवे भोक लख्ख.

जुन्या बोर्डाच्या गंजलेल्या पिना ज्या भोकांत होत्या, ती भोके हिरवी झाली होती. म्हणजे संगणक विकणाऱ्या दुकानदाराने पहिल्या दिवशीच प्लग उलटा लावला होता. क्यूसी पास्ड!

दोघांना मी लेखी बोलावणे पाठवले. सुनावणी सामंतांच्या खोलीत, आईंच्या समक्ष. सामान निम्मे बांधलेले होते. मी मशीन दिवाणावर मांडले, प्लग जुन्या पद्धतीने उलटा बसवला आणि नितीनला म्हणालो, "खेळा."

त्याने बटण दाबले. डिस्प्लेवर ६६. गाडी सुटली. एकेक वळण तो अलगद घेत गेला. चेहरा शाळकरी मुलासारखा झाला.

"हाच! काका, हाच ओरिजनल स्पीड! आता बरोबर केलंत."

"हा निम्मा वेग आहे, नितीनराव."

"कसं शक्य आहे? सहासष्ट दिसतंय की समोर."

"तो डिस्प्ले वेग मोजत नाही. त्याला फक्त बटण आत आहे की बाहेर, एवढेच कळते. आत असेल तर कोणता आकडा दाखवायचा, हे जुळवणारा माणूस आधीच ठरवून ठेवतो. यंत्र आत काय करते आहे, याचा त्याला पत्ताही नसतो." मी वेग मोजण्याचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. मग बटण बाहेर काढले. डिस्प्लेवर ३३ आले आणि प्रोग्रॅममधला वेग दुप्पट झाला.

"म्हणजे," मेधा सावकाश म्हणाली, "मी चौथीत फास्टवर खेळत होते."

"एक मिनिट, एक मिनिट," नितीन म्हणाला.

"आणि तू दहावीत स्लोवर."

"मेधे, एक मिनिट."

"माझ्या लग्नात, दादा! मांडवात सांगत होतास माझ्या सासऱ्यांना, की हिचा रेकॉर्ड स्लोवरचा आहे म्हणून!"

आईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या, हे शेजारच्या खोलीतही कळले असावे.

नितीन माझ्याकडे वळला. "काका, मग आता आपापल्या जुन्या सवयीच्या स्पीडवर खेळू. तेच फेअर."

मी अटींचा कागद काढला आणि वाचला : दोघांनीही पूर्ण वेगावर खेळावे, कोणासही सवलत नाही. "ही अट आपणच घातली आहे. सही आपली आहे."

"अहो, पण तेव्हा मला कुठं माहीत होतं?"

"स्वतःच्या अटीचा अर्थ माहीत नव्हता, हा बचाव कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. विमा कंपनीत तर मुळीच नाही."

मी प्लग योग्य बाजूला बसवला. बटण आत, ६६, आणि या वेळी खरोखरच पूर्ण वेग. नितीन पहिला बसला. पहिल्या वळणाला गाडी गेली. दुसऱ्या डावात दुसऱ्या वळणाला. तिसऱ्यात तो थोडा पुढे गेला, पण आई "अरे, अरे, ब्रेक!" म्हणेपर्यंत गाडी ठोकली.

मेधा बसली. तिने डिस्प्लेकडे पाहिलेसुद्धा नाही. पहिला डाव चाचपडण्यात गेला. दुसऱ्यात तिची बोटे आपोआप चालायला लागली. मी आयुष्यभर लोकांना कीबोर्डवर काम करताना पाहिले आहे. हात विसरत नाही. तिसरा डाव पुष्कळ वेळ चालला. शेवटी तीच थांबली, कारण डोळे भरून आल्याने तिला रस्ता दिसेना.

"मला वाटत होतं, मला फास्ट जमतच नाही," ती म्हणाली.

नितीन बराच वेळ स्कोअर पाहत राहिला. मग म्हणाला, "अपील करता येतं का, काका?"

"तशी तरतूद नाही."

"मग काय! मूर्ती आणायला गाडी माझी. आणि आरतीला घंटा माझ्याकडे."

"घंटा घे. घासायला भांडीपण घे," मेधा म्हणाली.

गणपती परळला बसला. मी गेलो होतो. मखर नेटके होते. हॉलच्या कोपऱ्यात तो संगणक मांडला होता, आणि नितीन त्यावर मजेत गाडी चालवत होता. डिस्प्लेवर ६६ होते आणि गाडी प्रत्येक वळण अलगद घेत होती. वेग निम्मा आहे, हे त्याला माहीत होते. आपण काही बोलायचे नाही, हे बाकीच्यांना माहीत होते.

कारण चतुर्थीच्या आदल्या दिवशी मेधा माझ्याकडे आली होती. "काका, चार दिवस दादासाठी तो प्लग पुन्हा उलटा लावाल? त्याला सहासष्ट बघून खेळायला आवडतं."

मी म्हणालो, "लेखी विनंती हवी."

तिने कागद मागितला आणि टेबलाशी बसून रीतसर अर्ज लिहिला. वर तारीख, मध्ये विषय, खाली सही. इतका निर्दोष अर्ज मला अलीकडे कोणाकडून आलेला नाही. तो मी तत्काळ मंजूर केला.

या प्रकरणातून घ्यायचा धडा छोटा आहे. आकडा दाखवणारी वायर आणि काम करणारी वायर या दोन वेगळ्या वायरी असतात. कोणाला कमी ठरवण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पाहावे. 'क्यूसी पास्ड'चा स्टिकर मी मात्र खरवडून काढला आहे.