चेपलेले बाबा

गल्लीत त्याला सगळे कॅमेरावालाच म्हणत. लोकांच्या समारंभांचं शूटिंग करून डिस्क बनवून देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरच्यांसाठी मात्र त्याला सवड व्हायची नाही.

रुंद चित्राचा नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याने बाबांना एकदाच टिपलं होतं. ते दारापुढे सायकलची चेन बसवत होते आणि "ते बंद कर, आधी पाना दे!" म्हणून त्याच्यावरच खेकसत होते. बाबा अंगापिंडाने दांडगे. दारात उभे राहिले की खोलीत अंधार व्हायचा. काही महिन्यांनी ते अचानक गेले. आईने ते शूटिंग मागितलं, तेव्हा त्याने कामाच्या रगाड्यात घाईघाईने डिस्क बनवून दिली.

चित्र रुंद आहे, एवढी एक सूचना डिस्कमध्ये घालायची राहून गेली. ती नसली की प्लेअर सगळं चित्र दोन्ही बाजूंनी चेपून जुन्या चौकोनी टीव्हीत कोंबतो.

"अरे, हे असे काडीसारखे काय दिसतायत?" आईने विचारलं.

"सेटिंग राहिलंय गं. देतो करून."

ते 'देतो' काही उजाडेना. गिऱ्हाइकं मानेवर बसलेली असायची. "परक्यांना हातोहात देतोस, आणि आईला ताटकळत ठेवतोस?" ताईने फोनवर झापलं. आईने मात्र विचारणं सोडून दिलं. दुपारची भांडी आवरली की ती रोज तीच डिस्क लावून बसायची.

पुढे जो तो मोबाइलवर शूटिंग करू लागला, धंदा बसला, आणि सवडच सवड झाली. त्याने नवी डिस्क केली. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधोमध बाबा, होते तस्से. त्याने आईला हाक मारली.

आई पुढे सरकून बघत राहिली. "कोण रे हे? तुझे काका?"

"आई, बाबा आहेत! असेच होते ते."

"छे! इतके जाड कुठे होते? चांगले शेलाटे होते."

त्याने भिंतीवरचा फोटो काढून तिच्या हातात दिला.

"फोटोत सगळेच फुगलेले दिसतात," असं म्हणून तिने तो बाजूला ठेवला. "माझी लाव रे."

त्याने जुनी लावली. आईचा चेहरा निवळला. आपल्या आळसाने तिच्या मनातला नवरा बदलून टाकला, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि आता त्यावर कुठलंच सेटिंग चालणार नव्हतं.

नवी डिस्क त्याने ताईला नेऊन दिली.

"आई काय म्हणाली?" तिने हौसेने विचारलं.

"तिला नाही आवडली," एवढंच तो बोलू शकला.